गोळी घेतली असल्यास एक दाबा

...आणि वर म्हणते कशी, "आई, तुझ्याच भल्यासाठी आहे गं!" माझ्या भल्यासाठी! रोज सकाळी आठला फोन वाजतो, मी हातातलं टाकून धावते, उचलते, आणि पलीकडून एक बाई... बाई कसली, यंत्रच ते... म्हणतं, "नमस्कार. आपण आज बीपीची गोळी घेतली का? घेतली असल्यास एक दाबा." तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी मी सवयीने म्हणाले, "बोला, कुठे जोडून देऊ?" तर ते गप्प. मी म्हटलं, "ठेवू नका हं, बघते." थोडं थांबलं आणि पुन्हा तेच, घेतली असल्यास एक दाबा. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसलेली बाई फोन उचलल्यावर दुसरं काय विचारणार?

आणि हे यंत्र माझ्यामागे लावलं कोणी, तर पोटच्या पोरीने. ती दुसऱ्या गावात, कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिने म्हणे लायब्ररी लिहिली आहे. कपाटंबिपाटं नाहीत हो त्यात, तयार सूचनांचा गठ्ठा. झालंय असं की, फोनच्या यंत्राला आपल्यासारखं सांगून कळत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट खुणांच्या कंसात घालून द्यावी लागते... इथे बोल, इथे थांब, इथे आकडा घे, इथे जोड, इथे ठेव. एक कंस उघडा राहिला की सगळं ठप्प! तर हिच्या लायब्ररीत तुम्ही साध्या चार ओळी लिहायच्या, कंसांचं सगळं किचकट लिखाण ती आपलं आपण करून देते. फोनचं तसंच मेसेजचं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, अगं, बोल, थांब, जोड, ठेव... हे तर माझं काम! एवढ्यासाठी तू इतकी शिकलीस?

काय बोर्ड होता तो! समोर भोकांच्या रांगा, प्रत्येकावर चिमुकला दिवा, खाली पिनांच्या दोऱ्या. दिवा लागला की पिन खुपसायची, ऐकायचं, आणि दुसरी पिन हवी तिथे लावायची. आमच्या मुख्य ऑपरेटरना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, आणि त्यांचा दरारा असा की सर्जनसुद्धा त्यांच्याशी हळू बोलायचे. "आधी ऐका, मग तोंड उघडा," म्हणायच्या. "माणूस काय बोलतो ते नंतर, श्वास कसा घेतो ते आधी." एका बूटवाल्याची बायको तीन महिने वॉर्डात होती. रोज चारच्या ठोक्याला दुकानातून फोन करायचा, पण ती कशी आहे हे विचारायची छाती व्हायची नाही त्याची. म्हणायचा, "मी सहाला येतोय, तेवढा निरोप द्या." मी आधीच सिस्टरना विचारून ठेवलेलं असायचं. सांगायचे, "आज उठून बसल्यात, दोन घास जेवल्यात." तो "बरं, बरं" म्हणायचा आणि फोन ठेवायचं विसरायचा. मीही ठेवायचे नाही. त्याला काय सांगणार होतात, काळजी वाटत असल्यास एक दाबा?

आणि ही माझी लेक शाळेच्या सुट्टीत कुठे असायची? तिथेच, माझ्या पायाशी स्टुलावर. तुटकी दोरी कानाला लावून कपाटाच्या पायाला विचारायची, "कोण हवंय? थांबा, जोडते." तेव्हा दिवसभर माझ्याशी बोलायची हो. बोर्डावर दिवे पेटलेले, आणि खालून हिचं आई हे, आई ते. मी दटावायचे, गप्प बस जरा. आता वाटतं, कशाला दटावलं?

असो. तर त्या यंत्राचं. एक दाबला की तिला मेसेज जातो, "आईने गोळी घेतली." झालं! पूर्वी दर रविवारी फोन यायचा तिचा. यंत्र लागलं आणि तो बंद. कशाला करेल? आई जिवंत आहे, गोळी पोटात आहे, रोज आठ वाजून एक मिनिटाला लेखी कळतंय. पाच रविवार गेले, तुम्हाला सांगते, पाच.

मग एका मंगळवारी माझे हात साबणात होते. मनगटाने फोन कसाबसा उचलून खांद्याशी धरला, पण एक दाबणार कशाने? यंत्राने एकदा विचारलं, दोनदा, तीनदा... आणि म्हणालं, "जोडत आहे." कुठे जोडतंय म्हणून बघते तर लेकीचा आवाज! खराखुरा, धापा टाकत. "आई? आई, बरी आहेस ना?" मी बरीच होते. बावीस मिनिटं बोललो आम्ही. तिच्या घराच्या मालकिणीपासून तिच्या खोकल्यापर्यंत सगळं झालं. बुधवारी परत माझे हात साबणात. गुरुवारी... गुरुवारी काही कोरडेच होते, खोटं कशाला बोलू? गोळी साडेसातलाच घेतलेली. पण नाही दाबला. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं?

सातव्या दिवशी पकडलं तिने. "आई, गोळी घेतेस ना?"

"घेते की."

"मग एक का नाही दाबत?"

मी म्हटलं, "एक दाबला की तू येत नाहीस गं."

ती काहीच बोलली नाही. लोकांचं गप्प बसणं ऐकण्यात माझी हयात गेली. हे रागावलेलं नव्हतं. मीही ठेवला नाही फोन. मग म्हणाली, "शनिवारी येते. तुलाही शिकवते."

आली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसवलं मला शेजारी. चार ओळी माझ्या मी लिहिल्या, आणि लायब्ररीने भराभरा कंस ओतले! हिचा मोबाइल वाजला, हिने उचलला... आणि नुसती शांतता. दहा सेकंद चिटपाखरू नाही. हिने पाहिलं तर मी सगळ्यात वर "थांब" लिहिलेलं. म्हणाली, "अगं, आधी बोलायचं असतं!" मी म्हटलं, "कोणी सांगितलं? आधी ऐकायचं असतं." अर्धा तास वाद झाला. शेवटी थांब खाली, प्रश्नाच्या मागे गेला, पण लायब्ररीतल्या ठरलेल्या चार सेकंदांऐवजी दहाच सेकंदांचा ठेवायला लावला मी. हातातलं बाजूला ठेवायला, चष्मा शोधायला वेळ लागतो की नाही माणसाला? ते मात्र पटलं तिला. जाताना लायब्ररीतच बदलून गेली. आता ती लायब्ररी जो जो वापरेल, त्याचं यंत्र न सांगता दहा सेकंद थांबेल. मोठ्या बाईंना कळवायला हवं होतं. कुठे कळवणार म्हणा, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

तर आता सकाळी तिचं यंत्र मला विचारतं आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी माझं तिला. "नमस्कार. जेवलीस का? जेवली असल्यास एक दाब." दाबला तर मला मेसेज, तीनदा विचारून नाही दाबला तर फोन थेट माझ्याकडे. तीन आठवडे झाले. धडधाकट बाई, हातात मोबाइल घेऊनच जन्मल्यासारखी वागते, दहा-दहा सेकंद वेळ दिलाय... एकदाही एक दाबलेला नाही तिने! मी विचारलं तर म्हणते, हात साबणात होते.

काय करणार... रोज बोलावं लागतं.