कंदिलाची लाल काच

— बसा ना बाई, त्या स्टुलावर बसा, अन् पेटी उभी नका ठेवू, आडवी ठेवा, आतला बल्ब हालतो. मला कसं ठाऊक? तेच तर सांगून राह्यलो. तुम्ही म्हणल्या रंगकिरण पेटी दुरुस्त करता का, मी म्हणलो ही पेटी पहिल्यांदा मीच केल्ती, तर तुम्ही हसल्या. हसा. जालन्यात निम्मी माणसं हसतेत. थांबा, हे चार स्क्रू काढतो — हां, आता बघा, होल्डरच्या मागं पत्र्याला एक दुमड हाय, उगीच मारल्यासारखी. दिसली? पहिली पेटी मी तेलाच्या डब्याची केल्ती. कापलेली कड हाताला लागायची, म्हणून दुमडून टाकली. आता कारखान्यात कोरा पत्रा येतो, त्याला कड न्हाई न् काही न्हाई, तरी दुमडूनच राह्यलेत. काहून दुमडतो, ते त्यायला बी ठाऊक न्हाई.

शहाऐंशी साल. मी एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये वायरमन होतो, अन् घरी नंदाबाईचा — माझी बायको — खांदा आखडला. भाकर थापायला हात उचलंना. आई म्हणायची, वीट तापवून शेक. मी म्हणलो, वायरमनच्या घरात वीट कशाला? दोनशे वॅटचा बल्ब घेतला, तेलाचा डबा घेतला, अन् डोळ्यावर उजेड नको म्हणून पुढं रेल्वेच्या कंदिलाची लाल काच बसवली — भंगारात भेटल्ती. बस, एवढंच. रोज अर्धा घंटा. पंधरा रोजात हात वर गेला. शेकल्यावर जातो की, त्यात काय.

पण साहेबराव चहाला आला. शेजारच्या खोलीत राहायचा, हायस्कुलात सायन्स शिकवायचा. आम्ही दोघं एका ताटात जेवल्यालो, बाई, खोटं सांगत न्हाई. त्यानं डब्याभोवती तीन चकरा मारल्या अन् म्हणला, बद्री, निळी काच लावली तर? मी म्हणलो, निळी लावली तर निळं दिसंल. तो हसला न्हाई. दुसऱ्या दिवशी निळी आणली, पिवळी आणली, हिरवी आणली, अन् वहीत तक्ता केला — लाल सांध्याला, निळा तापाला, हिरवा शुगरला. कशावरून? त्याच्या मनावरून. मी समोरच बसल्तो, पेन बी माझाच होता. मला वाटलं, शिकलेला माणूस हाय, त्याला बराबर ठाऊक असंल — न्हाई, तसं बी न्हाई वाटलं. मला वाटलं, चालू द्या. लोक यायला लागल्ते ना दारात. मिलमध्ये मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, अन् हितं म्हातारे माणसं बद्रीनाथजी म्हणायचे.

मंग घनसावंगीत सभा घेतली. साहेबराव म्हणला, नंदावहिनीच्या पायाचं सांग. तिच्या पायावर मिलमधला पत्रा पडल्ता, डबा द्यायला आल्ती तवा. जखम भरली एकवीस दिवसांत. भरली, बराबर हाय. मी माईक धरला अन् सांगितलं, शुगर होती, जखम सडत चालल्ती, हिरव्या उजेडानं भरली. दोन-तीनशे माणसं होती. टाळ्या वाजल्या. आता तिला शुगर कुठली, अन् रोज सकाळी सरकारी दवाखान्यात रांगेत उभी राहून ड्रेसिंग करून घेतलं, ते मी न्हाई सांगितलं. साहेबरावनं सांगू न्हाई दिलं — म्हणजे, तो काही बोलला न्हाई, तो नुसता बाजूला उभा होता.

दोन सालात त्याचं रंगकिरण केंद्र निघालं. पुस्तिका निघाली. त्यात काय, तर गुरुजी — म्हणजे साहेबराव — हिमालयात गेल्ते, तिथं एका साधूनं त्यायला सात किरणांचं ज्ञान दिलं. हिमालयात! औरंगाबादच्या पुढं गेलेला न्हाई तो माणूस. डबा न्हाई, कंदील न्हाई, बद्रीनाथ न्हाई. मी विचारायला गेलो. दारात उभा राह्यलो, आत दहा-वीस माणसं बसलेली, चांगली शिकलेली. कुणीतरी म्हणलं, हे कोण? साहेबराव म्हणला, आमचे वायरमन, पंखा बघायला आलेत. अन् बाई — मी पंखा बघितला. स्टुलावर चढलो, वायर घट्ट केली, उतरलो, घरी आलो.

तेवढ्यावर बी भागलं असतं. पण माझी थोरली बहीण झुंबरबाई घनसावंगीलाच दिलेली. त्या सभेत पुढं बायकांत बसल्ती. तिला खरीच शुगर होती. साहेबरावनं तिला पेटी दिली, गोळ्या सोडायला लावल्या, आधी अंगठा गेला, मंग गुडघ्याखालून पाय गेला, अन् मंग ती गेली. तो मातीला बी आला न्हाई. मी कुणाकुणाला सांगितलं, ह्या माणसानं माझी बहीण खाल्ली —

न्हाई. थांबा. हे तसं न्हाई झालं.

साहेबराव तिच्यासंगं कधी बोललाच न्हाई. तिनं मला विचारलं. भाऊबीजेला आल्ती, ओवाळून झालं अन् म्हणली, बद्री, तू म्हणला ते खरं असंल तर गोळ्या सोडते, त्याच्यानं मळमळतं. नंदाबाई चुलीपाशी बसल्ती. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी म्हणलो, सोड. एवढाच शब्द. मी न्हाई म्हणलो असतो तर दोघींपुढं खोटा पडलो असतो ना. तवापासून नंदाबाई माझ्यासंगं कामापुरतं बोलते. खांदा पुन्हा आखडलाय तिचा, पण शेकू देत न्हाई.

हे मी तुम्हाला काहून सांगून राह्यलो, कोण जाणे. कुणासाठी हाय ही पेटी? आईसाठी. काय होतंय त्यायला? — पायाचा अंगठा? कधीपासून काळा पडलाय? अन् बोटाला हात लावला तर कळतं का? कळत न्हाई. शुगरच्या गोळ्या चालू हायत ना? — कुणी सांगितलं बंद करायला?

पुस्तिका वाचून? द्या ती. कुठलं पान? ‘घनसावंगीच्या सभेतील एका साधकाचा अनुभव.’ बायकोची जखम, हिरवा किरण, एकवीस दिवस. नाव न्हाई. माझं सगळं काढलं त्यानं, अन् हे तेवढं ठेवलं.

बाई, हा साधक मी हाय. हे खोटं हाय. मी माझ्या तोंडानं बोललेलं खोटं हाय.

असं नका बघू. न्हाई, पेटी जोडून न्हाई देत. समोरच्या दुकानात जाता? जा, तो देईल जोडून, पण होल्डर मी काढून ठेवलाय अन् तो आज भेटणार न्हाई. भांडायचं तर मंग या, आईला घेऊन या, मी हितंच असतो. आता स्टँडवर जा, तुमच्या हसनाबादची गाडी लागली असंल. आईला आजच्या आज हितल्या सरकारी दवाखान्यात आणा, पाय दाखवा. जल्दी करा.

उठा ना, बाई. मी दुकान बंद करून राह्यलो.