मागच्या टाकीतला निळा उजेड

— नाय हो सर, तो दिवा नको. तो दिसायला लांबलचक, पण आत घरातल्या ट्यूबचाच उजेड आहे. मासे दिसतील छान, प्रवाळ जगणार नाय त्याच्यावर. विकतो मी तो, कशाला खोटं बोलू, पण तुम्ही पहिल्यांदाच करताय, आणि उद्या गंगारामच्या दुकानातून नेलं नि मेलं असं शाळेत सगळ्यांना सांगाल. हा घ्या. कंपनीचं नाव मलाही धड वाचता येत नाय, स्वस्तातलाच आहे, पण ह्यात निळा वेगळा आणि पांढरा वेगळा, दोन्ही हवे तसे कमी-जास्त करता येतात — स्वस्तात घेताना तेवढंच बघायचं. दोन फुटी टाकीला एक पुरे. तो महागातला कशाला? मोबाइलवरून टाकीत ढग आणतो म्हणे. ढग रत्नागिरीत काय कमी आहेत?

लावताना पाण्यापासून वीतभर वर लावा, आणि त्याची काच आठवड्याला पुसा, आपल्याकडची हवा खारी, मीठ धरतं. आणि पहिल्या दिवशी पूर्ण लावायचा नाय — हां, इथेच सगळे फसतात — पाव उजेड, मग दर आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. दिवसाला आठ तास, बस. प्रवाळ मऊ जातीचं घ्या, बिलासकट मिळेल ते. किनाऱ्यावरून उचलून काही आणू नका, बंदी आहे. रोज हेच सांगतो हो मी, सांगून सांगून जीभ दुखते, तरी लोक घरी जाऊन आपलंच करतात.

— त्या मागच्या टाकीवरचा? हो, ह्याच जातीचा आहे. नाय, पांढरा लावून नाय दाखवत. बिघडलेला नाय हो, चांगला आहे, पण तो निळ्यावरच असतो. निळ्यातच शोभा प्रवाळांची. आणि ती टाकी विकायची नाय, ती माझ्या मुलीची आहे. शमिकाची. इथे फिशरीज कॉलेजात होती तेव्हा लावली तिने. बोटाएवढा तुकडा आणलान, त्याचा दगडभर पसारा झाला होता — झालाय. आता चेन्नईला असते. लग्न केलंन तिकडेच, स्वतःच्या मनाने. सावित्री गेली लग्नाला, तिची आई, पण मी नाय गेलो. दुकान उघडून बसलो त्या दिवशी, आणि गिऱ्हाईक म्हणून एक आलं नाय. दोन वर्षं झाली. बोलणं असं नायच. फक्त संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल येतो — “बाबा, टाकी दाखवा.” मी मोबाइल काचेपुढे धरतो. ती म्हणते, वरची प्रवाळं उघडली नाहीत, पाणी बदला. तिला टाकी दिसते नि मला तिचं तोंड दिसतं. चार मिनिटं, फार तर पाच. माझा दिवस त्याच्यावर निघतो.

मग एवढं सगळं धड चाललेलं असताना मी काय केलं माहितेय? अक्कल पाजळली. गणपतीच्या आधी तिचा जुना दिवा गेला, आतून गंजला. दुकानातले संपले होते, नवीन यायला आठ दिवस. आणि इकडे बंदरावर एकाकडे होडीवरचा दिवा पडून होता — तो नाय का, मासे उजेडाला गोळा करायला लावायचे, बंदी आली त्याच्यावर — तो असाच दिलान मला. मी म्हटलं, अख्ख्या समुद्रातला बांगडा ज्याच्याकडे धावतो, त्या उजेडाला प्रवाळ नाय वाढायचं? टांगला. पूर्ण. हसा, हसा तुम्ही — दुसऱ्यांना पाव उजेड सांगणारा माणूस मी! तिला दाखवायचं होतं ना, बघ गो, तुझ्या बाबाने कसं दुप्पट केलं. चार दिवसांत पांढरं फटक पडलं सगळं. मग गळायला लागलं. हाताने उचलून टाकलं मी ते.

आता दगडच उरलाय. शेवाळ धरलंय त्याने, निळ्यात बरं दिसतं. मोबाइल जरा लांब धरतो नि म्हणतो, आज प्रवाळं मिटलीत. महिना झाला हेच चाललंय. सावित्री म्हणते, सांगून टाका एकदाचं. काय सांगू? टाकी नाय तर ती फोन कशाला करील? माझ्याशी बोलायला दुसरं काय ठेवलंय मी तिला? थकलो हो. त्या टाकीचं रोज पाणी बदलतो, आत काही नसताना.

— काय म्हणालात? तिला कळलं नसेल का? छे, निळ्यात कसं कळणार? तुम्हाला तरी कुठे — काय? आत आल्या आल्या? नुसता दगडच वाटला तुम्हाला?

तुम्ही तर अजून साधा मासासुद्धा पाळलेला नाय, सर.

आणि ती... ती नुसतं बघून पाण्यातलं मीठ सांगते. थांबा. आधी रोज म्हणायची, पांढरा लावा बाबा, नीट दिसू दे. महिन्याभरात एकदा नाय म्हणाली. एकदासुद्धा नाय. हल्ली टाकी बघून झाली की म्हणते, “बाबा, कॅमेरा तुमच्याकडे फिरवा ना जरा.” रोज म्हणते. आणि मी मूर्ख, मला जमत नाय म्हणतो नि ठेवून देतो.

तो दिवा न्या तुम्ही, पैशांचं उद्या बघू. न्या हो. सात वाजत आले. हा माझा मोबाइल — तो कॅमेरा फिरवायचा कसा, तेवढं दाखवा मला, आणि निघा.