जादा कापड

शिंपी — एकदम थांबू नकोस ताई, चक्कर येईल. चालत राहा.

ताई — चालते कसली! नाकी नऊ आलेत. किती झालं?

शिंपी — तीन मिनिटं वीस सेकंद. सलग.

ताई — पहिल्या दिवशी?

शिंपी — चाळीस सेकंद. पहिल्याच खांबाला मिठी मारलीस.

ताई — हस, हस. बावन्न वर्षांत बससाठीसुद्धा कधी पळाले नाही मी. डॉक्टर म्हणाला, दहा किलो उतरवा, मगच तुमची किडनी तुमच्या या भावाला बसवू. नाहीतर कॅन्टीनमध्ये भांडी घासणारीला कुठले आलेत हे थेर!

शिंपी — उतरलं किती?

ताई — नऊ.

शिंपी — छान.

ताई — नुसतं छान? बरं, पाणी दे. तू नाही घेत?

शिंपी — माझं दिवसाचं मोजून आहे. पी तू.

ताई — एक विचारू? दर रविवारी तू माझी ही पँट कमरेत आत घेतोस. आधी जादा कापड कापून टाकायचास.

शिंपी — मग?

ताई — गेल्या दोन खेपांना कापलं नाहीस. आत दुमडून ठेवलंस. काल धुताना हाताला लागलं.

शिंपी — राहिलं असेल घाईत.

ताई — तीस वर्षं मशीनवर बसतोयस. तुझ्या हातून राहतं होय? काल दुपारी मीच फोन केला दवाखान्यात.

शिंपी — काय म्हणाले?

ताई — तुला ठाऊक आहे काय म्हणाले. तुझ्या हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही. पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय तुला. आणि तू मला रोज सकाळी पळवतोयस!

शिंपी — सांगणार होतो गं. पण तू लालबुंद होऊन, हसत यायचीस. जीभच रेटेना. आणि तू पळत असलीस ना, की मलाही वाटायचं, होईल सगळं.

ताई — मग ते कापड कशाला ठेवलंस?

शिंपी — पळणं सुटलं की वजन परत येतं. तेव्हा उसवून सैल करायला आत कापड लागतं.

ताई — आणि उसवणार कोण?

(शिंपी हातातल्या घड्याळाकडे बघत राहतो.)

ताई — बोल की मेल्या!

शिंपी — ही शिवी आता जरा जपून वापर.

ताई — गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस. घड्याळ शून्यावर आण.

शिंपी — आता कशाला पळतेस?

ताई — घरी बसले तर रडत बसेन. पळताना रडायला श्वास पुरत नाही.

शिंपी — पाय दुखतील.

ताई — दुखू देत. तू हलू नकोस इथून. मी वळून येईन तेव्हा या बाकावर दिसला पाहिजेस.