पसारा न होणारी भेट

दवाखान्यातल्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या मावशी नंबराची वाट बघत बसल्या होत्या. मांडीवर भाच्यासाठी घेतलेला खेळण्यातला भलामोठा ट्रक होता. शेजारी लाँच चालवून निवृत्त झालेले एक आजोबा आणि त्यांची सून बोलत होते. डोळे मिटता येतात, कान कसे मिटणार?

“सूनबाई, नाताळ आला. छोटीला काय द्यायचं?”

“खेळणी तेवढी नकोत, बाबा. घरात पाय ठेवायला जागा नाही. परवा बाहुलीवर पाय पडून हे आपटले.”

“बाहुली धड आहे ना?”

“बाबा!”

“बरं, पसारा होणार नाही असं देऊ. माझ्या जुन्या लाँचवर नेतो तिला. पलीकडच्या धक्क्यापर्यंत जायचं आणि मध्ये भोंगा तिनं वाजवायचा. ही भेट कपाटात कोंबायला नको. कशी आहे कल्पना?”

“छान आहे.”

“मग रडतेस कशाला?”

“सर्दी झालीय.”

“जन्मभर लाँच चालवली, पण पोरीला एकदाही नेलं नाही बघ.”

“नेलंत, बाबा. मागच्या नाताळात नेलंत. गेल्या रविवारीसुद्धा नेलंत.”

आजोबा बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिले.

“मग तिनं मला सांगितलं कसं नाही?”

“ती म्हणते, आजोबांना सांगू नका. दर वेळी पहिल्यांदाच वाजवल्यासारखी भोंग्याला दचकते.”

“अस्सं. मग यंदाही नेतो.”

“न्या ना.”

“पण सूनबाई, मला कळलंय हे तिला सांगू नकोस हं.”