हिरामणचा जादा पगार

(इंदिरानगर, नाशिक. निवृत्त हवालदार हिरामण दूध आणायला गेले आहेत. त्यांची बायको सगुणा, थोरली बहीण कुसाबाई आणि मुलगी उज्वला वाटाणे सोलत बसल्या आहेत.)

उज्वला: ब्याऐंशी साल, आई. त्या साली बाबांचा पगार मधेच वाढलाय. पेन्शनमध्ये तुझं नाव दुरुस्त करायला लष्कराकडून कागद मागवले, तर यात भत्तेच भत्ते. केस कापायचा भत्ता, कपडे धुवायचा भत्ता.

कुसाबाई: बर्फातला बी आसंल. लय थंडी काढली त्यानं.

उज्वला: आहे, आत्या. उंचावरचा भत्ता.

कुसाबाई: मंग. ते ठिव आता. रविवारी तुझ्या वेदिकाचं डोहाळजेवण. पयली ओटी येवल्याच्या विहीणबाई भरतील. तीन ल्योक हायेत, नवरा बी हाय.

सगुणा: बरं.

उज्वला: आत्या, आई तिची सख्खी आजी आहे.

कुसाबाई: आजी हाय, पर ल्योक नाय. मी का कमी केलं? दर चैत्रात वणीच्या पायऱ्या चढवल्या हिला. देवीच्याच मनात नव्हतं.

सगुणा: पाय दुखायचे खरे.

उज्वला: थांबा. ही वाढ कशाची ते लिहिलंय. लहान कुटुंबाबद्दल विशेष वेतनवाढ. पुरुष नसबंदी, मे ब्याऐंशी.

कुसाबाई: कुनाची?

उज्वला: बाबांची.

कुसाबाई: तवा अंतर्गळाचं आपरेशन झालं व्हतं त्याचं. मी रोज शिरा करून घातला.

सगुणा: शिरा छान व्हायचा तुमचा.

उज्वला: खाली बायकोची संमती आहे. आई, ही तुझी सही.

सगुणा: असेल. ते वाटाणे इकडे सरकव.

कुसाबाई: सगुणे, तुला ठावं व्हतं.

सगुणा: धाकट्या मीनाच्या बाळंतपणात मी जातच होते, आक्का. डॉक्टर म्हणाले, पुन्हा दिवस गेले तर ही राहणार नाही. हे म्हणाले, मग मीच करून घेतो.

कुसाबाई: आन् तरी माझ्यासंगं वणीला?

सगुणा: तुम्ही एसटीत मला खिडकी द्यायचा.

कुसाबाई: तो बी यायचा. नारळ धरून.

सगुणा: पायऱ्यांवर माझ्याकडे बघायचे नाहीत.

उज्वला: इतकी वर्षं बोलणी खाल्लीस. एकदा तरी सांगायचंस.

सगुणा: तेव्हा सांगितलं असतं, तर पारावर त्यांना बाई म्हणून हाका मारल्या असत्या. सुट्टीवर यायचेच थांबले असते. मला काय, पोरींची आई म्हणायचे. ते खरंच होतं. आता सासूबाई गेल्या, पारावरचेही गेले. सांगू कुणाला?

कुसाबाई: मी काय बोलले नसते भावाला.

सगुणा: तुम्हीच आधी बोलला असता.

कुसाबाई: व्हय.

उज्वला: लिफ्ट वाजली. बाबा आले.

सगुणा: कागद उचल. आक्का, त्यांना कळू देऊ नका. मग तुमच्यापुढे मान वर करणार नाहीत ते.

कुसाबाई: रविवारी पयली ओटी तू भर.

सगुणा: हे विचारतील, आज अचानक कसं?

कुसाबाई: म्हनावं, तुमच्या भनीला म्हातारचळ लागलाय. मला कुठं वाचता येतं.