प्यायले

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून आजींना दवाखान्यातल्या बाकावर बसवलं होतं. डोळे मिटलेले, त्यामुळे सगळं काम कानांवर येऊन पडलं होतं. शेजारी एकाच ऑफिसातली दोघं बोलत होती. आवाजावरून एक मुलगा, एक मुलगी.

“चॅटचा नवा सर्व्हर झाला का रे तयार?”

“झाला. सगळ्यांची खाती उघडली. दादांचं सोडून.”

“बरोबरच आहे. दादाच राहिले नाहीत.”

“पण रोज सकाळी त्यांचा मेसेज येतो ना, ‘आधी पाणी प्या, मग भांडा.’”

“तो आपोआप येतो, वेड्या. त्यांनीच जुन्या सर्व्हरवर लावून ठेवलाय.”

“माहितीये. जुना आज संध्याकाळी बंद करायचाय.”

“मग कर की. आता कोण वाचतंय तो?”

“खाली उत्तर येतं. दादांच्याच नावानं.”

“काहीतरीच. काय येतं?”

“‘प्यायले.’”

“‘प्यायलो’ असेल.”

“नाही. ‘प्यायले.’ रोज.”

बाक करकरला. आजींना वाटलं, उठून गेली की काय.

“त्यांचा फोन अजून वहिनींकडेच आहे ना?”

“हो.”

“मग सांगितलंस त्यांना, आज बंद होणार म्हणून?”

“काय सांगू?”