कोणाचं कोकरू

नामाजी : इळा काढ विस्तवातून, माय. बाला डाग द्यायचा न्हाई.

पंचफुलाबाई : मंग काय करू? पलेगाच्या साली लगीन होऊन आले मी ह्या घरात. अन् आज सकाळी तुझा बा मला इचारतो, बाई, तुमी कोण्या गावच्या? तो न्हाई बोलून राहिला, त्याच्या अंगातलं बोलून राहिलं. संतराम भगत म्हनला, कपाळावर डाग दिला की निघतं.

नामाजी : भूत न्हाई ते. हिंगोलीच्या डॉक्टरनं बराबर तपासलं. म्हनले, मेंदूचं दुखणं हाय. म्हातारपणी कोणाकोणाचा मेंदू वाळत जातो. कालचं आधी पुसतं. जुनं अन् हाताला बसलेलं लई दिवस टिकतं. दवा न्हाई त्याला.

पंचफुलाबाई : बोकड कापला की मेंदू मीच काढते. ओंजळभर बी नसतो. त्यात माझी सगळी उमर मावली होती, अन् ती वाळून गेली म्हनतो?

नामाजी : मी बी हेच इचारलं. ते म्हनले, मला बी नवलच वाटतं.

(नामाजीचा बाप दगडोबा कोकरांच्या कुडाचं दार उघडतो. साठ कोकरं मेंढ्यांत मिसळतात.)

पंचफुलाबाई : घ्या. आता कोणतं कोण्या मायचं, कसं लावावं? दुसरीचं आलं की मेंढी ढुसण्या देती.

नामाजी : थांब, हटकू नको त्याला. बघ, ते बांडं कोकरू उचललं. थेट काळतोंडी मेंढीपाशी नेलं. प्यायला बी लागलं.

पंचफुलाबाई : ते तर काल रानात जन्मलं. त्यानं पाहिलं बी न्हाई.

नामाजी : बा, कसं वळखलं?

दगडोबा : वास घेतला. अन् हे एक कान पाडून उभं हाय, काळतोंडीची माय बी अशीच उभी ऱ्हायची.

नामाजी : अन् मी कोण, बा?

दगडोबा : तू बरा पोरगा हायस. ते पांढरं धर जरा, त्याची माय तिकडं वरडून राहिली.

(दगडोबा एकेक करत सगळी कोकरं आपापल्या मायपाशी लावतो.)

पंचफुलाबाई : साठातलं एक बी चुकलं न्हाई रे. अन् ह्या माणसाला मी डागणार होते. वत पाणी त्या विस्तवावर. संतरामाला म्हनावं, येऊ नको.

नामाजी : वततो, माय. तू रडू नको.

पंचफुलाबाई : अवो, माझं बी सांगा की. मी कोणाची?

दगडोबा : तुमाला न्हाई वळखत, बाई. पर तुमी कळपात शिरल्या अन् एक बी मेंढरू बुजलं न्हाई. घरच्याच असाल.